पहिल्यांदाच मुलासोबत स्काउट शिबिराला जाताय?

सामान त्यालाच भरू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. अंधारात बॅटरी कुठल्या कप्प्यात आहे, हे त्याच्या हातांना ठाऊक हवं. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी वेगळा बांधून ठेवा. दिवसभराच्या दमट मोज्यांत पाय गार पडतात नि झोप लागत नाही.

तिथे गेल्यावर मात्र हात आवरा. अवघड आहे, खरंच. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरात मुलांचे चार गट केले आणि प्रत्येकाला मुलांमधलाच म्होरक्या दिला. तीच पद्धत आजही चालते. त्यामुळे गाठ सुटली तर आधी गटातल्या मुलांना बघू द्या. माझी लेक तंबूच्या दोरीशी बराच वेळ झटत होती, बोटं लाल झाली, पण गाठ तिनेच मारली. रात्री घरच्या आठवणीने रडू आलं, तर लगेच जवळ घ्या.