टॉन्सिलचे ऑपरेशन: मे महिन्यात, दिवाळीत की आत्ताच?

प्रश्न : मुलगा ऑगस्टमध्ये सहा वर्षांचा होईल. मोठ्या गटात आहे, वजन १८ किलो. रात्री घोरतो, तोंड उघडे ठेवून झोपतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) दोन्ही काढायला सांगितले आहेत, पण ‘फार घाई नाही, तुमच्या सोयीने ठरवा’ असेही म्हणाले. सासूबाई म्हणतात उन्हाळ्यात नको, रक्त जाते. नवऱ्याचे म्हणणे, आठ वर्षांपर्यंत थांबू, गाठी आपोआप बारीक होतात. जूनमध्ये पहिली सुरू होणार. तारीख कशी ठरवावी?
– एक आई, कोथरूड

उत्तर : सोय नंतर बघू. ‘घाई नाही’ हे वाक्य मुलाच्या रात्रीच्या श्वासावर अवलंबून आहे आणि तो श्वास डॉक्टरांनी ओपीडीत पाहिलेला नसतो. तो तुम्हालाच दाखवायचा आहे. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास मुलाचा सदरा वर करून छाती, पोट आणि चेहरा एकदम दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. वेगवेगळ्या तीन रात्रींचा काढा. त्यात सर्दीची रात्र धरू नका. पहाटेची वेळ अशासाठी की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत घशाचे स्नायू सैल पडून अडथळा वाढतो. रात्री दहाला शांत झोपलेले मूल पाहून पुष्कळ पालक निर्धास्त होतात.

व्हिडिओत घोरण्यापेक्षा घोरणे मध्येच थांबते का ते पाहा. छाती-पोट हलत आहे, पण आवाज नाही. मग एकदम धाप टाकल्यासारखा श्वास किंवा दचकणे. श्वास घेताना गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, मान मागे टाकून झोपतो का, उशी घामाने भिजते का, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे का, हेही लिहून ठेवा. वजन वाढत नसेल, घास गिळायला वेळ लागत असेल किंवा शाळेतून ‘एका जागी बसत नाही’ अशी तक्रार येत असेल, तर तेही सांगा. अपुरी झोप झालेले मोठे माणूस पेंगते, लहान मूल उलट जास्त उड्या मारते.

श्वास वारंवार अडत असेल किंवा वजन खुंटले असेल, तर शाळा, सुट्टी, ऋतू काहीच पाहायचे नाही. मिळेल ती पहिली तारीख घ्यायची. नुसते घोरणे असेल, श्वास अडत नसेल, मूल दिवसा ताजेतवाने असेल, तर दोन-तीन महिने थांबता येते. त्या काळात नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सहा ते बारा आठवडे देऊन फरक पडतो का ते डॉक्टर पाहतात. झोपेची रात्रभराची चाचणी प्रत्येकाला लागत नाही. दोन वर्षांखालचे मूल, स्थूल मूल, डाउन सिंड्रोम किंवा स्नायूंचा आजार असलेले मूल, आणि ज्याच्या घशात गाठी लहान दिसतात पण आईवडिलांची तक्रार मोठी आहे असे मूल, यांच्यासाठी ती आधी करावी.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. या गाठी साधारण तीन ते सहा-सात वर्षांच्या वयात घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात आणि पुढे आक्रसत जातात. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांपैकी ज्यांचे लवकर ऑपरेशन केले, त्यांच्यातल्या ७९ टक्क्यांची झोपेची चाचणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. लक्ष केंद्रित करण्याच्या औपचारिक चाचणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. झोप, वागणूक, दिवसभराचा उत्साह मात्र ऑपरेशन झालेल्यांचा स्पष्टपणे चांगला होता. रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ खाली जाणारी मुले त्या अभ्यासात घेतलीच नव्हती, हे विसरू नका. म्हणजे सौम्य त्रासात सहा महिने थांबणे हा निष्काळजीपणा नाही. पण आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, रोज रात्री मुलाला झगडू देणे आम्हाला पटत नाही.

आता सासूबाईंचा उन्हाळा. ऋतू टाळण्याची पद्धत जुनी आहे आणि एकेकाळी तिला भक्कम कारण होते: पोलिओची साथ असताना टॉन्सिल काढलेल्या मुलांना त्याचा घातक प्रकार होण्याचा धोका जास्त असे, म्हणून साथीच्या महिन्यांत डॉक्टर हे ऑपरेशन करत नसत. भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. उष्णतेने घशातून रक्त जाते असे नाही. पाणी कमी प्यायलेले मूल मात्र अडचणीत येते, आणि पुण्याचा मे त्यात भर घालतो. घसा कोरडा पडला की दुखणे वाढते, दुखले की मूल गिळत नाही, न गिळल्याने अजून कोरडा पडतो. १८ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १.४ लिटर द्रव पोटात जायला हवा, उन्हाळ्यात थोडा जास्तच. जागेपणी दर अर्ध्या तासाला ५० मिलि, म्हणजे छोटी वाटीभर, असे ठरवून द्या. आठ तासांत लघवी झाली नाही, तर डॉक्टरांना फोन करा.

एवढे सांभाळता येत असेल, तर मे महिना तुमच्यासाठी चांगला आहे. पावसाळ्यात आणि शाळा सुरू झाल्यावर सर्दी-खोकल्याचे सत्र चालू होते आणि ठरलेल्या तारखा पुढे जातात. दिवाळीच्या सुट्टीत फटाक्यांचा धूर आणि घरभर चकल्या-चिवड्याचे डबे. टोकदार, कुरकुरीत खाणे दोन आठवडे बंद असताना सहा वर्षांच्या मुलाला त्या डब्यांपासून दूर ठेवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

तारीख ठरवताना ऑपरेशनचा दिवस पाहू नका, त्याच्या पुढचे चौदा दिवस पाहा. टॉन्सिल काढलेल्या जागेवर पांढरट-पिवळी खपली धरते. ती पू नव्हे, तोंडाला वास येणेही अपेक्षित आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही खपली सुटते आणि नंतरचा रक्तस्राव झालाच, तर बहुधा याच दिवसांत होतो. फार थोड्या मुलांना होतो, पण होतो तेव्हा पटकन रुग्णालय गाठावे लागते. म्हणून हे चौदा दिवस आजोळी कोकणात जायचे नाही, लग्नाला नाशिकला जायचे नाही. रात्री दोन वाजताही कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ येऊ शकतील अशा रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचे. पेठांत राहणाऱ्यांनी विसर्जनाचा दिवस आणि पालख्या शहरात असतात ते दिवस या पाच-ते-दहाच्या टप्प्यात येऊ देऊ नयेत, कारण रस्ते बंद असतात. पंचांग पाहायचे असेल तर जरूर पाहा, सोबत वाहतुकीचे बदलही पाहा.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते असे धरले, तर २० मेनंतरची तारीख घेऊ नका. आम्ही मेचा पहिला आठवडा सुचवू. ऐनवेळी ताप-खोकला निघाला, तर तारीख दोन ते चार आठवडे पुढे जाते, आणि सुट्टीच्या सुरुवातीची तारीख असली तर ती पुढे जाऊनही सुट्टीतच बसते. शाळा दोन आठवड्यांनी, पळापळ आणि पोहणे तीन आठवड्यांनी. वर्ग सीबीएसईचा असेल आणि एप्रिलमध्येच सुरू होत असेल, तर शाळेला आधीच लेखी कळवा. घरात पहिले दहा दिवस रात्री जागणारे मोठे माणूस हवे. आई आणि बाबांनी रजा एकदम न घेता पाठोपाठ घेतली, तर पाचव्या दिवसानंतरही कोणीतरी घरी असते.

वेदनेचे औषध ‘दुखले तर’ न देता पहिले पाच-सात दिवस घड्याळाप्रमाणे द्या. साधारणपणे पॅरासिटामॉल दर सहा तासांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम देतात, गरजेप्रमाणे जोडीला आयबुप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम. नेमका डोस डॉक्टरांकडून मिलिमध्ये लिहून घ्या. घोटाळा इथेच होतो: पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० चेही. १८ किलोच्या मुलाला पाच मिलि २५० चे पुरते. तेच पाच मिलि १२५ च्या बाटलीतून दिले, तर अर्धाच डोस जातो आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. शिवाय पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेले सिरपही दुकानात असते. ते आणि वेगळे पॅरासिटामॉल दोन्ही दिले, तर डोस दुप्पट होतो. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामके या मुलांना द्यायची नाहीत, श्वास मंदावू शकतो. ॲस्पिरिनही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणे पुन्हा वाढते आणि मूल कान धरून रडते. कानात काही झालेले नसते, घशाची कळ तिथे जाणवते.

खायला मऊ भात-तूप, खिमट, नाचणीची आंबील, शिरा, गोड ताक, आईस्क्रीम. फक्त आईस्क्रीमच द्यावे असे काही नाही. लिंबू-चिंच झोंबते. कोकम सरबत, कलिंगड, डाळिंब, बीट हे लाल पदार्थ दोन आठवडे टाळा. ओकारी झाली की रक्त आहे की कलिंगड हे रात्री ओळखता येत नाही.

थुंकीत एखादी गुलाबी रेघ दिसली, तर डॉक्टरांना फोन करून लक्ष ठेवा. ताजे लाल रक्त चमचाभर जरी आले, मूल झोपेत सारखे गिळताना दिसले किंवा कॉफीसारखी काळपट ओकारी झाली, तर मुलाला बसवा, पुढे वाकवून रक्त थुंकायला लावा, तोंडातून काही देऊ नका आणि निघा. गाडी नसेल तर १०८. थांबले असे वाटले तरी जायचेच. १८ किलोच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम १.४ लिटर असते.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. वर्षभरात सहा वेळा ताप आणि घसा, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. टॉन्सिल काढून टाकावेत का?
– एक वडील, पिंपरी

उत्तर : बहुधा आत्ता नाही. वारंवार घसा सुजण्यासाठी जगभर वापरला जाणारा निकष असा: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा. यातली प्रत्येक वेळ मोजायलाही अट आहे. घसादुखीसोबत १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची तपासणी पॉझिटिव्ह, यांपैकी निदान एक गोष्ट डॉक्टरांनी नोंदलेली हवी. नाक वाहणे, शिंका आणि खोकल्यासह आलेला ताप बहुधा विषाणूंचा असतो आणि तो या मोजणीत धरत नाहीत. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलांना वर्षात सहा-आठ सर्द्या होतात. टॉन्सिल काढल्याने त्या थांबत नाहीत, आणि ऑपरेशनबद्दलची निम्मी निराशा या गैरसमजातून येते.

एक वही करा. तारीख, थर्मामीटरवरचा आकडा, घशात काय दिसले, कोणते औषध, किती दिवस. पुढचे बारा महिने ती भरा. मधल्या काळात टॉन्सिलशेजारी पू झाला, अनेक अँटिबायोटिकांची ॲलर्जी निघाली किंवा झोपेत श्वास अडू लागला, तर आकडा पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. स्ट्रेप्टोकॉकसचे निदान झाले असेल, तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचे दहाही दिवस पूर्ण करा. त्याचा संबंध संधिवाताच्या तापाशी आणि हृदयाच्या झडपांशी आहे.

प्रश्न : ऑपरेशन तीन दिवसांवर आणि नातवाला सर्दी. जावे की नाही? दात पण हलतो आहे.
– एक आजोबा, सहकारनगर

उत्तर : आजच फोन करा, त्या दिवशी सकाळी नव्हे. पाण्यासारखे नाक, ताप नाही, खेळतो आहे, असे असेल तर भूलतज्ज्ञ तपासून कधी कधी पुढे जातात. ताप, ओला खोकला, छातीत घरघर किंवा घट्ट पिवळा शेंबूड असेल, तर तारीख पुढे जाईल. सर्दीत श्वासमार्ग चिडलेला असतो, भुलीत तो आवळला जाण्याचा धोका वाढतो. दात भूलतज्ज्ञांना दाखवाच. तोंड उघडे ठेवण्याच्या उपकरणाने तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. उपाशी ठेवताना जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. ‘फक्त घोटभर दूध’ पाजल्यामुळे पुष्कळ ऑपरेशने पुढे ढकलली जातात.

प्रश्न : रक्ततपासण्या नॉर्मल आहेत, तरी डॉक्टर घराण्याची चौकशी का करतात?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : कारण रक्त न थांबण्याचे काही आनुवंशिक आजार नेहमीच्या तपासण्यांत सुटतात, फॉन विलब्रांड हा त्यातला नेहमीचा. दात पडल्यावर तासन् तास रक्त येणे, दहा मिनिटांहून जास्त घोळणा फुटणे, आईला पाळीत अतिरक्तस्राव, कोणाला बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त द्यावे लागणे, हे सगळे सांगा. आईवडील मामा-आत्याकडून नात्यातले असतील, तर न विचारता सांगा.

प्रश्न : विम्यातून होईल का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : स्वतः काढलेल्या बहुतेक पॉलिसींत टॉन्सिल-ॲडिनॉइडला प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तेवढे दिवस त्याचा खर्च मिळत नाही; ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो २४ महिने आहे. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत तो बहुधा नसतो. त्रास सौम्य असेल आणि महिना-दोन महिने उरले असतील, तर डॉक्टरांना विचारून थांबायला हरकत नाही. कॅशलेससाठी पूर्वमंजुरीचा अर्ज चार-पाच दिवस आधी द्या, आणि ‘लक्षणे केव्हापासून’ या रकान्यात खरी तारीख आहे ना, ते सही करण्यापूर्वी वाचा.