घरी चित्रपट आणि स्ट्रीमिंगसाठी कोणता गेम कन्सोल घ्यावा? एक्सबॉक्स की प्लेस्टेशन?

मुख्य वापर चित्रपट पाहण्याचाच असेल, तर डिस्क ड्राइव्ह असलेला एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या. नेटफ्लिक्स, यूट्यूब, प्राइम व्हिडिओ दोन्हीकडे चालतात आणि दोन्ही ४के चित्र देतात. फरक आहे तो डॉल्बी व्हिजनचा, म्हणजे प्रत्येक दृश्यानुसार उजेड आणि रंग जुळवणाऱ्या चित्रतंत्राचा. एक्सबॉक्सवर स्ट्रीमिंग ॲपमध्ये ते मिळते, प्लेस्टेशन ५ मात्र एचडीआर१० या त्याच प्रकारच्या पण साध्या तंत्रावरच थांबतो. शिवाय हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट बघायचे असतील तर एक्सबॉक्सवर व्हीएलसी आणि कोडी ही व्हिडिओ चालवणारी ॲप थेट स्टोअरमधून घेता येतात, आणि ही सोय मला डॉल्बी व्हिजनपेक्षाही मोठी वाटते. (निन्टेन्डो स्विच या कामासाठी विसराच, त्यावर नेटफ्लिक्ससुद्धा नाही.)

मात्र दोन गोष्टी आधी तपासा:
- टीव्हीला डॉल्बी व्हिजन आहे का? सॅमसंगच्या टीव्हींना नसते. मग वरचा डॉल्बी व्हिजनचा फायदा उरत नाही.
- एक्सबॉक्सचे छोटे मॉडेल सिरीज एस आणि दोन्ही कंपन्यांच्या ‘डिजिटल’ आवृत्त्यांमध्ये ब्ल्यू-रे ड्राइव्ह, म्हणजे चित्रपटांच्या डिस्क चालवणारा ड्राइव्ह, नसतो.

गेम खेळायचेच नसतील तर कन्सोल घेऊ नका. टीव्हीला जोडायची साधी स्ट्रीमिंग स्टिक हेच काम खूप कमी पैशांत आणि कितीतरी कमी विजेवर करते.