पन्हाळा जमतो, मग आल्प्स जमेल का?

मागच्या अंकात परदेशातल्या गाईडेड सायकल ट्रिपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज यांचा नुसता ढीग लागलाय. निम्म्या लोकांना एकच विचारायचंय की खर्च किती. तो दरवर्षी बदलतो आणि कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे आकडा मी सांगणार नाही. बाकीच्यातले काही प्रश्न घेतोय.

प्रश्न: वय ५२. आम्ही चौघं मित्र दर रविवारी सायकलवर पन्हाळा मारतो, वर झुणका-भाकर खाऊन परत. पुढच्या जुलैत फ्रान्सच्या आल्प्समध्ये आठवड्याची गाईडेड ट्रिप करायची आहे, त्यात आल्प द्युएझ आणि गालिबिए असे दोन मोठे घाट आहेत. आम्हाला झेपेल का? - एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: झेपेल की दादा, पण दर रविवारचा एक पन्हाळा पुरणार नाही. हिशेब बघा. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे चढ झाला चारेकशे मीटरचा, आणि त्यातही केर्लीपर्यंत रस्ता तसा सरळच, खरा घाट वाघबिळापासून पुढं. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरात जवळजवळ ११०० मीटर चढतो, सरासरी ८ टक्के, आणि सगळ्यात खडा भाग पहिल्या दोन किलोमीटरातच, म्हणजे पाय गरम व्हायच्या आधीच दम काढतो. एकूण २१ वळणं, प्रत्येकावर नंबरची पाटी, खाली २१ आणि वर १, त्यामुळं किती राहिलं ते कळत राहतं, काहींना त्यानं धीर येतो, काहींचा जातो. १९५२ साली तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा इथं वर गेली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला, तेव्हापासून जगातला प्रत्येक हौशी सायकलवाला या रस्त्यावर येऊन घाम गाळतो. गालिबिए तर २६४२ मीटरवर आहे.

तर तयारी अशी करा. एका सकाळी पन्हाळा दोनदा, जमेल तसं तीनदा. मधे जोतिबाचा रस्ता घ्या. महिन्यातनं एकदा गगनबावडा गाठा, तिथनं करूळ घाटानं खाली वैभववाडीकडं उतरायचं आणि त्याच घाटानं परत वर चढायचं, आपल्याकडं आल्प्सच्या जवळ जाणारं तेच एक. आणि शनिवार-रविवार लागोपाठ जा, कारण ट्रिपमध्ये पहिल्या दिवशी सगळेच वाघ असतात, तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना कळतं कोण किती पाण्यात आहे ते. एक बघा, साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो तोवर पहाटेच्या अंधारात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, तेव्हा उजाडल्यावरच निघा.

आता गिअर. तुमच्या मागच्या चाकाला ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच, असेल तर ती बदला, हे मी हात जोडून सांगतो. पुढं ३४ आणि मागं २८ दात असतील तर ८ टक्के चढावर ताशी ९ किलोमीटरनं जाताना पाय मिनिटाला जेमतेम ५८ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक पॅडल दाबून दाबून मारायचं आणि तासाभरात गुडघे बोलायला लागतात. मागं ३४ ची कॅसेट टाकली की त्याच वेगाला पाय ७० वेळा फिरतात आणि तेच काम हलकं वाटतं. जुन्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरनं दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी कॅसेट बसते का ते आधी मेकॅनिकला विचारा, कधी कधी लांब केजचा डिरेलर आणि नवीन चेन पण लागते. लोक कार्बनच्या चाकांवर लाखभर उडवतात आणि कॅसेट तीच ठेवतात, ह्याला काय म्हणायचं!

प्रश्न: त्याच ट्रिपबद्दल. आम्ही चढ चढू, पण गाईडेड म्हटल्यावर गाईड नेमकं करतो काय? नुसता रस्ता दाखवायला एवढे पैसे कशाला, मोबाईलवर मॅप आहेच की. - राजारामपुरीच्याच ग्रुपमधले दुसरे

उत्तर: रस्ता दाखवायला नाहीच. चढावर गाईडची फार गरज पडत नाही, तिथं तुम्ही आणि तुमचे पाय. पैसे वसूल होतात ते उतारावर. आणि आपले लोक नेमकी उताराचीच तयारी करत नाहीत. सगळी पत्रं चढाची, उताराचं एकानं पण विचारलं नाही.

तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं असतं. सपाटीवर दोन दिवसात सवय होते, पण घाटात डोकं जुन्याच वळणानं चालतं. आपल्याकडं डावं वळण आतलं आणि अरुंद, उजवं बाहेरचं आणि ऐसपैस. तिथं बरोबर उलटं. दमलेला माणूस हेअरपिन वळणावर आपसूक डावीकडं सरकतो, आणि समोरनं कारवाल्यांची रांग येत असते. त्यात आणखी ब्रेक. आपल्या मोटारसायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि हाताला तीच सवय. तिकडं भाड्यानं मिळणाऱ्या सायकलींना बहुतेक वेळा डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. घाबरून डावा हात कचकन दाबला की माणूस हँडलवरनं पुढं. पहिल्याच दिवशी हॉटेलच्या अंगणात सायकल नुसती ढकलत एकेक ब्रेक दाबून बघायचा, कुठलं चाक थांबतंय ते. पाहिजे असेल तर कंपनीला आधी सांगून केबल उलट्या जोडून घेता येतात.

उतरताना ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्याच्यावर वजन, आणि नजर समोरच्या दगडावर नाही तर वळण जिथं संपतंय तिथं, सायकल नजरेमागं जाते. सारखा ब्रेक धरून उतरणारा माणूस सावध दिसतो पण रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासणारा ब्रेक, असेल तर रिम तापते, कार्बनची असेल तर खराब पण होऊ शकते, आणि पंजे इतके आखडतात की शेवटच्या वळणाला बोटं दाबतच नाहीत. चांगला गाईड पहिल्या उताराला सगळ्यांना आपल्या मागं ठेवतो, वळणात कुठनं जायचं ती लाईन दाखवतो, आणि कोण कसा उतरतोय ते बघून पुढच्या दिवसाचं ठरवतो.

आणि थंडी. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा डिग्रीनं थंड होते. खाली गावात २८ असेल तर गालिबिएच्या माथ्यावर पंधरा-सोळा, अंग घामानं भिजलेलं, आणि लगेच ताशी पन्नासनं खाली. जुने रेसर माथ्यावर कुणाकडनं तरी पेपर घेऊन जर्सीत छातीशी कोंबायचे, वारा अडतो. तुम्ही पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे सपोर्ट गाडीत ठेवा आणि गाडी माथ्यावर थांबणार आहे ना, हे कंपनीला स्पष्ट विचारा, कारण पायथ्याशी उभ्या गाडीतल्या जॅकेटचा माथ्यावर काय उपयोग? एका गाईडमागं किती जण, गाडी शेवटच्या माणसाच्या मागं असते की पुढं हॉटेलात जाऊन बसते, आणि रोजचा एकूण चढ किती मीटर, हे पण विचारून घ्या. नुसते किलोमीटर सांगणाऱ्या कंपनीपासनं चार हात लांब.

प्रश्न: आमचे हे सायकलवेडे. त्यांना डोंगरात जायचंय आणि मला पण जायचंय पण मला ते चढ होणार नाहीत. ई-बाईक घेतली तर चालते का, ग्रुपमध्ये लोक हसतील का, आणि इथली नेता येते का? - एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: वहिनी, बिनधास्त घ्या. हसणारे दुसऱ्या दिवशी तुमच्या मागं धापा टाकत असतील. युरोपातली साधी ई-बाईक २५० वॅटची, पॅडल मारलं तरच मोटर साथ देते आणि ताशी २५ च्या पुढं मदत बंद होते, म्हणजे त्याच्या वरच्या वेगाला सगळी तुमचीच मेहनत. चढावर मात्र दोघं गप्पा मारत बरोबर जाऊ शकता, आणि तसं बघितलं तर त्याच्यासाठीच जायचं ना? बॅटरी ५०० वॅट-अवरची असेल तर कमी मदतीच्या मोडवर मोठा घाट आरामात होतो, पण फुल्ल मदत लावून एका दिवसात दोन घाट करायला गेलात तर दुसऱ्यात मधेच संपेल, आणि बॅटरी संपलेली ई-बाईक म्हणजे वीस-बावीस किलोचं ओझं. दुपारी जेवताना चार्जिंगला लावता येईल का ते विचारा.

इथली नेता येणार नाही. १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, आणि ई-बाईकची त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. तिथंच भाड्यानं घ्या, उंची आधी कळवा. सीट मात्र इथनं न्या, ज्या सीटची सवय आहे तीच. हसू नका, माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे.

प्रश्न: शुद्ध शाकाहारी आहे. तिकडं खाण्याचं काय? - एक वाचक, गारगोटी

उत्तर: आमलेट चालत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर बटाटा, पास्ता, ब्रेड, चीज, आणि गाईडला आधी सांगितलं तर हॉटेलवाले सोय करतात. खरी अडचण वेळेची. छोट्या गावात दुपारी दुकानं बंद होतात, रविवारी तर बघायलाच नको. सायकल चालवताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं, आणि आपला कोल्हापुरी गूळ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशात असली की एनर्जी जेलच्या पुड्या कशाला लागतात. फक्त पेढे वगैरे नेऊ नका, दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरनं युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर टोपलीत जातील.

प्रश्न: मुलगा २३ वर्षांचा, तालमीत तयार झालेला, अंगानं दणकट. मित्रांबरोबर मनाली ते लेह सायकलनं जायचं म्हणतोय, गाईडेड आहे. आम्ही नको म्हणतोय. काय करावं? - एक पालक, गडहिंग्लज

उत्तर: काका, मुलाला अडवू नका, पण कंपनीचा रोजचा कार्यक्रम मागवून घ्या आणि कुठली रात्र किती उंचीवर ते त्यात बघा. आल्प्समध्ये घाट उंच असले तरी झोपायला माणूस खाली येतो. इथं तसं नाही. मनाली २०५० मीटर, रोहतांग ३९७८, सरचूचा तंबू ४३०० च्या आसपास, आणि तांगलांग ला ही खिंड ५३०० च्या वर, तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या थोडा वर. तीन हजार मीटरनंतर दर रात्रीची झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती, असा डॉक्टरी नियम आहे. रस्त्याची रचनाच अशी आहे की काही ठिकाणी तो मोडतो, म्हणून आधी वाटेतल्या जिस्पा-केलाँगला एखादी रात्र जास्तीची देणारी कंपनी चांगली.

आणि दणकट आहे म्हणून त्रास होणार नाही असं अजिबात नाही. विरळ हवा तालीम बघत नाही, उलट तरणी पोरं जोशात पुढं पळतात आणि डोकं दुखतंय हे लपवतात. नुसतं डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं असेल तर तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर रात्र असो की पहाट, ताबडतोब खाली आणायचं, सकाळची वाट बघायची नाही. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी आहे, पण ती मित्रानं दिली म्हणून घ्यायची नाही, सल्फाची ॲलर्जी आहे का वगैरे बघून डॉक्टरनंच द्यायची. कंपनीला तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन सिलिंडर गाडीत असतो का, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर रोज लावतात का, आणि एकाला खाली न्यायचं झालं तर बाकीच्यांसाठी दुसरी गाडी आहे का. तिसऱ्याचं उत्तर अडखळत आलं तर दुसरी कंपनी बघा, सीझन काय कुठं पळून जात नाही.

प्रश्न: इन्शुरन्स काढायलाच लागतो का? - एक वाचक, कागल

उत्तर: फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतंच. पण स्वस्तातल्या पॉलिसीत बारीक अक्षरात साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा सायकलिंग आणि डोंगरातनं हेलिकॉप्टरनं खाली आणणं कव्हर आहे का, ते एजंटकडनं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'होय साहेब, सगळं आहे' चालत नाही.