मावशीला विचारा: इंटरव्ह्यूला जाऊ की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडच्या एका गावातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सेकंड पीयू (बारावी) सायन्स. बेंगळूरच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची टेस्ट पास झालीय आणि आता इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. बाबा म्हणतात सगळं आधीच ठरलेलं असतं, त्यापेक्षा कर्नाटकाची सीईटी (केसीईटी) बरी, तिथं कोण तोंड बघत नाही. आणि हिला भीती इंग्लिशची. "मावशी, माझा तिथं पचका होणार हे नक्की, मग जाऊन उपयोग काय?"

अगं जा की! पचका झालाच तर तो बेंगळुरात होईल, गावात कोणाला कळायचं पण नाही.

बाबांचं सीईटीबद्दलचं म्हणणं खरं आहे, तिथं केईए म्हणजे राज्याचं परीक्षा प्राधिकरण रँक बघतं, तू ऑप्शन एंट्री करतेस म्हणजे कॉलेज-कोर्सची पसंती भरतेस, सीट लागते, संपलं. पण अझीम प्रेमजी, अशोका, पुण्याची फ्लेम, आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, असल्या ठिकाणी टेस्टनंतरचा इंटरव्ह्यू हा निवडीचाच भाग असतो. सगळं आधीच ठरलेलं असतं तर प्रोफेसर लोक दिवस दिवस पोरांशी बोलत कशाला बसले असते? तू गेलीच नाहीस तर मात्र तुझं ठरलंच म्हणून समज.

आता इंग्लिश. टेस्ट पास झालीस म्हणजे वाचता येतं, समजतं, एवढं त्यांना आधीच कळलंय. पेपरवरनं कळत नाही ती एकच गोष्ट, समोरचा प्रश्न आला की ही पोरगी विचार कसा करते. म्हणून ते "आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली"वालं पाठ केलेलं भाषण घरीच ठेव, असलं भाषण ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले असतात, आणि मधेच कोणी काही विचारलं की पाठांतर तुटतं आणि मग खरंच त-त-प-प होतं.

तू लिहिलंयस की फॉर्मबरोबरच्या निबंधात मलप्रभेवर लिहिलं होतंस. मग झालं की! प्रश्न बहुतेक फॉर्ममधनंच निघतात, त्यामुळं तो फॉर्म परत काढ आणि समोरच्याच्या नजरेनं वाच. नदी तुझ्या दारात उगम पावते, पावसाळ्यात तुमच्याकडं आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात त्याच गावातल्या बायका घागरी घेऊन कुठवर जातात हे तू बघितलंयस. ते विचारतील, गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवावं का? म्हादई लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला सगळं मिळून 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, तो आकडा माहीत असू दे, पण खरी गंमत पुढं आहे. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे हे खरं, गोव्याची भीती पण खोटी नाही, आणि मधे तुमचं जंगल. यावर तुला काय वाटतं ते मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलंस तरी ऐकणारा पुढं सरकून बसेल. शब्द अडला तर "कॅन आय से इट इन कन्नडा?" असं विचारायला लाजायचं नाही, बेंगळूरच आहे ते. एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ येत नाही म्हणून सांग, थापा मारलेल्या लगेच कळतात.

आणि हा काही जुन्या पद्धतीचा मुलगी बघायचा कार्यक्रम नव्हे, ट्रे घेऊन खाली मान घालून बसायला. तू पण त्यांना बघायला चाललीयस. शेवटी "काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा बहुतेक पोरं "नो सर, थँक्यू सर" म्हणून उठतात, तू उठू नकोस. फी माफी दरवर्षी नव्यानं मागावी लागते का, मार्क कमी पडले तर ती जाते का, मराठी-कन्नड मीडियमच्या पोरांना पहिल्या वर्षी इंग्लिशसाठी काही मदत आहे का, हॉस्टेल सुट्टीत बंद असतं का. बाबांच्या डोक्यात पण हेच घोळत असणार, नुसतं "सगळं ठरलेलं असतं" म्हणून बाहेर येतंय. म्हणून त्यांना सोबत घेऊन जा. चन्नम्मा एक्स्प्रेसला संध्याकाळी बसलं की सकाळी बेंगळूर, आत तू बोलत असशील तोवर ते कॅम्पस फिरतील, कँटीनमध्ये चहा पितील, तिथल्या दोन पोरांना विचारतील. माझ्या चार पानी सल्ल्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

तयारीसाठी क्लासला पैसे घालू नकोस. पीयू कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना अर्धा तास माग, त्यांना तुझा फॉर्म दे आणि मधे मधे अडवायला सांग. अडवल्यावर परत बोलायला लागायची सवय झाली की बास.

तिथं होईलच असं मी लिहून देत नाही, चांगली चांगली पोरं पण इंटरव्ह्यूत राहतात, कधी सीटच कमी असतात. म्हणून इकडं केसीईटीची ऑप्शन एंट्री अजिबात चुकवायची नाही, तारखा भिंतीवर लिहून ठेव, आणि तिकडचा निकाल काहीही लागला तरी मला कळव.