फुलदाणीत पाणी असूनही गुलाब आणि जर्बेरा माना का टाकतात?

घरच्या बागेतले गुलाब आणि जर्बेरा भरपूर पाण्यात ठेवूनही दुसऱ्याच दिवशी माना टाकतात, यात खताची कमतरता आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवात दोष बहुधा खताचा नसतो. पाणी फुलदाणीत असते, पण ते दांड्यातून वर चढत नाही.

दांडा कापताक्षणी त्याच्या जलवाहिन्यांत हवा शिरते, आणि पुढे पाण्यात जीवाणू वाढून कापलेल्या टोकावर थर धरतात. दोन दिवसांच्या दांड्याचे टोक चिमटीत धरून पाहा. ते बुळबुळीत लागले, तर वाट तिथेच बंद झाली आहे. गुलाबाची मान हा दांड्याचा सर्वांत कोवळा भाग असल्याने पाणी अडले की प्रथम तीच वाकते. म्हणून घट्ट कळी कधीही कापू नये. कळीखालची हिरवी निदले मागे वळली आणि बाहेरची एखादी पाकळी सैल झाली, की ती पहाटे कापावी आणि लगेच पाण्यात ठेवावी. जर्बेऱ्याच्या मधल्या चकतीत बाहेरच्या दोन ओळींतले पराग दिसू लागेपर्यंत थांबावे. त्याचा दांडा बुडाशी पिळून ओढतात. मात्र बुडाचा कठीण भाग पाणी शोषत नाही, तो छाटावाच लागतो.

फुलदाणी साबणाने घासून घ्यावी आणि पाण्याखाली येणारी सगळी पाने काढावीत. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, पाव चमचा सायट्रिक आम्ल आणि ब्लीचचे चार-पाच थेंब पुरतात. ब्लीच आणि आम्ल मात्र आधी एकमेकांत मिसळू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळी पाण्यातच घालावीत. नुसती साखर घातली तर ती जीवाणूंनाच पोसते. जर्बेऱ्याचा केसाळ दांडा खोल पाण्यात कुजतो, त्याला दोन-तीन इंच पाणी पुरे. दर दोन दिवसांनी पाणी बदलून टोक थोडे छाटावे. पिकलेली फळे इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याजवळ फुले ठेवू नयेत. कार्नेशन तर त्याने फारच लवकर मिटते.

मान टाकलेला ताजा गुलाब लगेच फेकू नका. पाण्याखाली धरून दांड्याचा इंचभर भाग कापा, मान सरळ राहील असे फूल कागदात गुंडाळा आणि तासभर खोल, कोमट पाण्यात उभे ठेवा. पुष्कळदा ते पुन्हा ताठ होते.