डोंगरमाथ्यावरची गावे आणि ग्रासची अत्तरे

प्रश्न : मे महिन्यात आईवडिलांसह फ्रान्समध्ये नीस येथे मुक्काम आहे. आठ जणांच्या गाडीतून डोंगरमाथ्यावरची गावे आणि जवळच्या ग्रास या गावातला अत्तर कारखाना दाखवणारी एक दिवसाची सहल घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी, मात्र ग्रासखेरीज दोनहून अधिक गावे कोंबलेली सहल टाळावी. डोंगरमाथ्यावरच्या एझ या गावाच्या चढत्या दगडी गल्ल्यांत वाहन जात नाही, त्यामुळे आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर तुलनेने सोपे सें-पॉल-द-वांस हे गाव निवडावे, जिथे चित्रकार मार्क शागाल यांची समाधी आहे. ग्रास हे मुळात कातडी कमावणाऱ्यांचे गाव. चामड्याच्या हातमोज्यांचा उग्र दर्प झाकण्यासाठी तिथे सुगंध वापरू लागले आणि कालांतराने चामडे मागे पडून अत्तर हाच मुख्य धंदा झाला. मे हा तिथल्या गुलाबतोडणीचा महिना आहे. चमेलीसाठी मात्र ऑगस्टची वाट पाहावी लागते. कारखान्यात तांब्याची जुनी ऊर्ध्वपातन पात्रे दिसतात आणि चरबीच्या थरावर फुले पसरून त्यांचा गंध शोषून घेण्याची, आता जवळपास लोपलेली पद्धत समजावून सांगतात. ही फेरी बहुधा विनामूल्य असते आणि, अर्थातच, दुकानात संपते. स्वतः अत्तर मिसळण्याच्या वर्गाचे शुल्क सहलीच्या रकमेत धरले आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.