डोंगर चढून मिळतं काय? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नुसतं म्हटलं होतं की यावेळी गिर्यारोहणाबद्दल विचारा, तर एवढी पत्रं आली की टेबल पुरेना. त्यातली निम्मी "कुठला बूट घेऊ" अशी आहेत, ती बाजूला ठेवलीयेत, बुटांचं पुढच्या महिन्यात बघू. उरलेल्यातले काही प्रश्न इथे घेतेय.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. शनिवारी रात्री सॅक घेऊन निघतो तो रविवारी रात्री चिखलाने माखून घरी येतो. आठवडाभर ऑफिसात राबायचं आणि सुट्टीला आणखी हाल करून घ्यायचे. आमच्या लहानपणी डोंगरावर गुरं चारायला जायचे, नाहीतर देवाला. यात मिळतं तरी काय? – एक आई, सातारा

ताई, तुम्ही म्हणता तशी कामाशिवाय डोंगरावर जायचं नाही ही रीत फक्त साताऱ्याची नव्हती बरं का, अख्ख्या जगाची होती. आज जिथे बर्फ बघायला लोक लाखो रुपये घालतात त्या स्वित्झर्लंडमध्ये सुद्धा डोंगर म्हणजे भुताखेतांची जागा. ल्युसर्न गावाजवळ पिलाटस नावाचा डोंगर आहे, तिथल्या तळ्यात येशूला सुळावर चढवायचा हुकूम देणाऱ्या पिलातचं भूत राहतं आणि कोणी जवळ गेलं की ते चिडून वादळ आणतं असा समज होता, आणि तो इतका पक्का की वर जायलाच बंदी. १३८७ साली सहा पाद्र्यांनी तिथे जायचा घाट घातला म्हणून त्यांना चक्क तुरुंगात टाकलं होतं! अगदी सतराशेच्या सुरुवातीला झुरिकचा एक शिकलासवरलेला विद्वान आल्प्समध्ये कुठेकुठे ड्रॅगन दिसले त्याच्या नोंदी गोळा करत होता.

आणि अशा काळात, १५४१ साली, झुरिकच्याच कॉनराड गेस्नर नावाच्या डॉक्टरने मित्राला पत्र लिहून कळवलं की देव जोवर आयुष्य देईल तोवर मी दरवर्षी काही डोंगर चढणार, निदान एक तरी, तेही झाडं फुलोऱ्यावर असताना, शरीराला व्यायाम म्हणून आणि मनाला आनंद म्हणून. बास. गुरं नाहीत, देव नाही, युद्ध नाही. पुढे १५५५ साली तो त्या भुताच्या पिलाटसवरही रीतसर परवानगी काढून जाऊन आला. मला विचाराल तर तुमच्या मुलाचा खापरपणजोबा हाच.

आता मिळतं काय ते माझ्यापुरतं सांगते. कॉलेजात असताना अलंग-मदन-कुलंग हे तीन शेजारशेजारचे अवघड किल्ले केले होते. मदनला वर जाताना एक चाळीस-पन्नास फुटांचा उभा कातळ लागतो, आम्ही त्याला पॅच म्हणतो, खाली दरी. त्या महिन्यात घरी बाबांचं आजारपण चालू होतं, माझे दोन विषय राहिले होते, डोक्यात नुसता कालवा. पॅचवर मध्यावर पोचले आणि उजव्या पायाला पकडच सापडेना, पिंडरी शिलाई मशीनसारखी थडथडायला लागली, वरून बिले देणारा, म्हणजे पडलेच तर धरायला माझा दोर सांभाळणारा, मित्र ओरडतोय, पायाकडे बघ पायाकडे बघ. आणि त्या दोन मिनिटांत जगात फक्त तो एक बोटभर रुंदीचा खाचा होता. बाबा नाहीत, विषय नाहीत, काही नाही. वर पोचल्यावर सगळं परत आलं म्हणा, पण जरा धुतल्यासारखं होऊन आलं. शिवाय दोराच्या दुसऱ्या टोकाला जो असतो ना त्याच्याशी नातं वेगळंच होतं, तो मित्र आज वीस वर्षांनी दिवाळीला फोनसुद्धा करत नाही पण मी पडले तर धरेल याबद्दल मला शंका नाही.

आणि संध्याकाळी पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी. ती तुम्ही घरी कितीही चांगली केलीत तरी तशी लागायची नाही, मुलावर रागावू नका.

हा छंद इंग्रजांनी सुरू केला असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का? – बी.ए.चा विद्यार्थी, कोल्हापूर

अर्धं. सुरू केला फ्रेंच-स्विस लोकांनी, त्याचा क्लब केला इंग्रजांनी.

जिनिव्हाचा एक श्रीमंत शास्त्रज्ञ होता, ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर. १७६० साली, विशीत असताना, तो शामोनीच्या खोऱ्यात गेला, समोर माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर बघितलं आणि पागल झाला. वर जायची वाट शोधून देणाऱ्याला बक्षीस देईन असं त्याने जाहीर केलं. वाटेल की दुसऱ्या दिवशी रांग लागली असेल, पण नाही, २६ वर्षं गेली. कारण बर्फात रात्र काढली की माणूस मरतोच असं गावात सगळे मानायचे. शेवटी ८ ऑगस्ट १७८६ ला दोघंजण वर पोचले, गावचा डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिक शोधून विकणारा जाक बाल्मा. दोर नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही, हातात लांब काठ्या आणि सोबत हवेचा दाब मोजायचं एक बॅरोमीटर. ४८०० मीटरच्या वर, बर्फावरून, काठ्या टेकत! माझ्या पिढीतल्या मुलांना एवढ्या उंचीवर जायचं तर आधी सामानाची यादीच दोन पानी होते.

पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः गेला, १८ वाटाडे आणि एक नोकर घेऊन, वर बसून चार तास पाणी उकळून बघ, हवेचा दाब मोज असले प्रयोग केले. म्हणजे सुरुवातीला निमित्त विज्ञानाचं लागायचं, नुसतं "मजा म्हणून जातो" म्हणायची अजून लाज होती.

आणि भांडण बघा किती ओळखीचं. लगेच कुजबुज सुरू झाली की खरा हिरो बाल्माच, डॉक्टरला नुसतं ओढत वर नेलं. शामोनीत १८८७ साली पुतळा उभा राहिला, त्यात बाल्मा सोस्यूरला शिखर दाखवतोय, पाकार गायब. त्याचा पुतळा लागायला १९८६ उजाडलं, चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. आपल्याकडे गावकीच्या बोर्डावर नाव राहिलं की जे होतं तेच, फक्त जरा लांबलं.

इंग्रज आले ते १८५० च्या पुढे. कारखान्यांमुळे तिकडे पैसा आला होता, रेल्वे झाल्या होत्या, वकील-मास्तर-पाद्री-प्रोफेसर या लोकांना उन्हाळ्यात मोठी सुट्टी होती आणि लंडनच्या धुरात जीव गुदमरत होता. १८५४ ते १८६५ या अकरा वर्षांत त्यांनी आल्प्सची मोठी मोठी शिखरं एकामागून एक चढून काढली, १८५७ साली लंडनला अल्पाइन क्लब काढला, जगातला पहिला. त्यात जॉन टिंडालसारखा नावाजलेला शास्त्रज्ञ सुद्धा होता, वाइसहॉर्न या शिखरावर १८६१ साली पहिल्यांदा पोचला तो हाच. पण एक गोष्ट मला कायम खटकते, यातल्या जवळजवळ प्रत्येक साहेबाच्या पुढे एक स्थानिक वाटाडा चालत होता, बर्फात पायऱ्या खोदत होता, आणि यादीत नाव पहिलं साहेबाचं. शामोनीच्या वाटाड्यांनी १८२१ सालीच आपली संघटना केली होती, कारण आदल्या वर्षी माँ ब्लाँवर हिमकडा कोसळून त्यांचे तिघं गेले होते. छंद एकाचा आणि पोट दुसऱ्याचं हे तेव्हापासून आहे. पुढे हिमालयात तेच, १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फाखाली गाडले गेलेले सातही जण ओझी वाहणारे होते, साहेब एकही नाही.

मॅटरहॉर्नवर दोर तुटला की कापला? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झाला. – ठाण्याहून

तुटला. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा, लाकडावर चित्रं कोरणारा कारागीर, विशीत एका प्रकाशकाने आल्प्सची चित्रं काढायला पाठवला आणि चित्रं राहिली बाजूला, मॅटरहॉर्नने झपाटला. कितीतरी वेळा हरला. १४ जुलै १८६५ ला सातजण ४४७८ मीटरच्या त्या शिखरावर पोचले. उतरताना त्यातला १९ वर्षांचा हॅडो, ज्याला फारसा अनुभवच नव्हता, घसरला तो सरळ खाली असलेल्या क्रो या वाटाड्यावर, त्यांच्यासोबत हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. वर थोरला ताऊगवाल्डर, व्हिंपर आणि धाकटा ताऊगवाल्डर यांनी कातळ घट्ट धरला, आणि डग्लस आणि थोरल्या ताऊगवाल्डरच्या मधला दोर तुटला. चौघं हजारभर मीटर खाली हिमनदीवर. डग्लसचं शव कधीच सापडलं नाही.

दोर कापला हा आरोप ताऊगवाल्डरवर झाला, गरीब वाटाड्यावर होणारच. पण चौकशीत तो निर्दोष ठरला, आणि तुटका तुकडा बघितला तर तो सोबत नेलेल्या दोरांमधला सगळ्यात कमजोर होता. मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झरमॅट गावातल्या म्युझियममध्ये तो अजून ठेवलाय. खरा प्रश्न वेगळा आहे, चांगले दोर सॅकमध्ये असताना हा का बांधला? याचं उत्तर प्रत्येक लीडरने एकदा स्वतःला विचारावं, कारण आपल्याकडेही अपघात होतात ते बहुतेक उतरतानाच, "झालं आता" म्हटल्यावर.

गंमत (गंमत कसली) अशी की चार जण मेले म्हणून लोक घाबरून थांबले नाहीत, उलट झरमॅटला गर्दी वाढली.

आपले मावळे दोर लावून कडे चढायचे, हिरकणी रायगडावरून उतरली. मग गिर्यारोहण युरोपातून आलं असं का म्हणायचं? – संगमनेर

चढायचे, आणि आपल्यापेक्षा भारी चढायचे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाण्याचा कडा चढली, घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली म्हणून सोडून दिली तरी अंधारात कडा आहेच. पण दादा, त्यांना विचारलं असतं की हौस म्हणून चढणार का, तर वेड्यात काढलं असतं. हिरकणीच्या गोष्टीत घरी तान्हं बाळ आहे. कळसूबाईला नवरात्रात जाणाऱ्या आज्या १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर चढतात, कित्येक अनवाणी, त्यांना कोणी गिर्यारोहक म्हणत नाही आणि त्या म्हणवूनही घेत नाहीत. कस तोच, कारण वेगळं. छंद म्हणायचा तो कारण नसताना.

बाकी आपल्या भाषेत लढाई अजून शिल्लक आहेच, "शिखर सर केलं" हा शब्द कुठून आला? गड सर करायचे तिथून. पेपरवाले तर "एव्हरेस्टवर मराठी झेंडा" याच्या खाली येतच नाहीत.

आता एक माझी आवडती गोष्ट. अलंग आणि मदनला आज दोर का लागतो माहितेय? तिथे पूर्वी कातळात कोरलेल्या पायऱ्या होत्या. १८१८ साली मराठ्यांचे किल्ले घेतल्यावर ते परत कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. आणि चाळीसच वर्षांनी त्यांच्याच देशातल्या लोकांनी कडे चढायचा क्लब काढला. त्या उडवलेल्या जागी आज नाशिक-पुण्याची पोरं हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) घालून लटकतात आणि त्याला रॉक पॅच म्हणतात, मीही त्यातलीच. मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहणाची संस्था १९५४ साली निघाली, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी २९ मे १९५३ ला एव्हरेस्टवर पोचले त्याच्या पुढच्याच वर्षी. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट पण १९५४ चीच. दुर्गभ्रमण आपलं होतंच, त्यात दोर, बिले, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) हे तिकडून आलं, आता वेगळं काढता येत नाही.

"एव्हरेस्ट का चढायचं?" यावर मॅलरीने दिलेलं "कारण तो तिथे आहे" हे उत्तर मला उडवाउडवीचं वाटतं. चुकतोय का? – निवृत्त शिक्षक, सांगली

सर, अजिबात नाही. जॉर्ज मॅलरी हा इंग्रज गिर्यारोहक, तोही तुमच्यासारखा शाळेत मास्तर होता. १९२३ साली अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होता आणि हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता, न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे उत्तर छापून आलं. वर्गात चाळीसाव्यांदा तोच प्रश्न आला की आपण जे बोलतो तसं काहीसं असावं ते, असा माझा अंदाज. लोकांनी त्याचं सुभाषित केलं, टी-शर्टवर छापलं. पुढच्याच वर्षी तो एव्हरेस्टवर हरवला, शव १९९९ साली सापडलं. मला त्याच्यापेक्षा गेस्नरचं पत्र जास्त पटतं, वर्षाला निदान एक, फुलं असताना.

वय ४६, आत्तापर्यंत फक्त पर्वती चढलेय. आता सुरू करणं हास्यास्पद दिसेल का? – पुण्याहून

ऑंरिएत दॉन्झव्हिल १८३८ साली माँ ब्लाँ चढली तेव्हा ४४ वर्षांची होती, लग्न झालेलं नाही, गावाने नावं ठेवलेली, आणि अंगावर एवढे लोकरीचे कपडे की ती चालत कशी होती देव जाणे. लुसी वॉकर १८७१ साली मॅटरहॉर्नवर गेली ती स्कर्ट घालून. तुमच्याकडे ट्रॅकपँट आहे. आठवड्यातून तीनदा पर्वती, दोन महिन्यांनी सिंहगड, मग राजगड, तोरणा. कातळ चढायचा असेल तर मात्र व्हिडिओ बघून शिकू नका, एखाद्या जुन्या संस्थेचं शिबिर करा. बर्फाचं खूळ डोक्यात शिरलंच तर उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथे बेसिक कोर्स असतात, जवळपास महिनाभराचे, त्यांची वयाची अट आधी बघून घ्या.

चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे बोंबलतात. उपाय? – चिपळूण

पावलं छोटी टाका, टाच आपटत उतरू नका, सॅकमधलं अर्धं सामान घरी ठेवा (तीन पॉवर बँक कशाला लागतात?) आणि काठी घ्या. ग्रुपमधली पोरं हसतील, हसू देत, पाकार आणि बाल्माकडे तेवढीच होती. सूज येत असेल तर मात्र मला नाही, हाडांच्या डॉक्टरांना पत्र लिहा.